पिशवीत पाच डिस्क पुरे: सोलापूरच्या माळावर खेळणाऱ्यांसाठी निवडीची रीत

डिस्क गोल्फमधली सगळ्यांत महाग चूक पहिल्याच खरेदीत होते. यादीत शेकडो नावं दिसतात, त्यातली सर्वांत लांब जाणारी कोणती ते विचारून माणूस तीच मागवतो. पट्टीच्या खेळाडूच्या हातून सव्वाशे मीटर जाणारी ती डिस्क नवख्याच्या हातून पन्नासाव्या मीटरला डावीकडे कलंडते आणि कडेवर आपटते. मग आणखी एक डिस्क येते, मग आणखी एक. सहा महिन्यांत पिशवीत बारा डिस्क होतात आणि प्रत्येक फेकीआधी कुठली काढायची याचाच घोळ सुरू होतो. यावर उपाय सोपा आहे. आधी आपल्याला कोणकोणत्या फेकी लागतात ते ठरवायचं, मग एका फेकीला एक डिस्क घ्यायची. सोलापूरच्या मोकळ्या माळावर खेळणाऱ्याला तीनपासून सुरुवात करून पाचवर थांबता येतं.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नियम गोल्फसारखेच, चेंडूच्या जागी डिस्क आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली, म्हणजे बास्केट. डिस्क जिथे पडली तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह इथे एड हेड्रिक यांनी १९७५ साली पहिला कायमचा कोर्स आखला तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते, साखळ्या नंतर आल्या. त्यामुळे जवळपास बास्केट नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. कडुनिंबाच्या खोडाला कमरेपासून छातीपर्यंत दोन दोऱ्या बांधा. त्या दोन दोऱ्यांमधलं खोड म्हणजे बास्केट.

मैदानात उडवायची पातळ प्लास्टिकची फ्रिस्बी इथे चालत नाही. अल्टिमेट हा डिस्कचा सांघिक खेळ खेळणाऱ्यांची डिस्कही वेगळी, ती सुमारे २७ सेंटिमीटर रुंद आणि १७५ ग्रॅमची असते. डिस्क गोल्फची डिस्क २१ सेंटिमीटरच्या आसपास, पण वजन जवळजवळ तेवढंच. म्हणून ती हातात लहान आणि भरीव लागते. १९८३ साली इनोव्हा कंपनीची ईगल ही डिस्क आली. तोवरच्या बोथट कडेऐवजी तिला तिरकी, धारेसारखी कड होती. हवा कापत जाणारी ही कड आली आणि डिस्कचे प्रकार फुटत गेले: जवळच्या फेकीचा पटर, मधला मिडरेंज, लांबचा फेअरवे ड्रायव्हर आणि सगळ्यांत वेगवान डिस्टन्स ड्रायव्हर. निवडीचा गोंधळ या चौथ्या प्रकारापासून सुरू होतो.

प्रकार ओळखायचा तर कडेची रुंदी पाहा. पटरची कड सुमारे १ सेंटिमीटर, मिडरेंजची सव्वाच्या आसपास, फेअरवे ड्रायव्हरची १.६ ते १.९ आणि डिस्टन्स ड्रायव्हरची २.१ च्या पुढे असते. स्पर्धेसाठी २.६ ही मर्यादा आहे. कड जितकी रुंद तितका जास्त वेग तिला लागतो. हात लहान असेल तर रुंद कडेवर बोटं नीट वळत नाहीत, पकड सैल पडते आणि डिस्क हातातून डगमगत सुटते.

चार आकडे कसे वाचायचे

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला स्पीड, दुसरा ग्लाइड, तिसरा टर्न, चौथा फेड. स्पीड म्हणजे डिस्क किती वेगानं जाते ते नव्हे. ती नीट उडायला तुमच्या हातून किती वेग यावा लागतो, ते हा आकडा सांगतो. बारा स्पीडच्या डिस्कला तेवढा वेग मिळाला नाही तर ती टर्न घेतच नाही, थेट फेडला लागते. नवख्याची डिस्क डावीकडे जाते त्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे फेकताना तिचं नाक, म्हणजे पुढची कड, वर राहते. डिस्क वर चढते, थांबते आणि तिथूनच डावीकडे घसरते. हे दुसरं कारण नवी डिस्क घेऊन जात नाही, सरावानंच जातं.

ग्लाइड म्हणजे हवेत तरंगायची ताकद. टर्न म्हणजे वेगात असताना कुठे झुकते आणि फेड म्हणजे वेग उतरल्यावर कुठे वळते. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीआडून आणून, फेकणाऱ्यासाठी उणे टर्न म्हणजे उजवीकडे आणि फेड म्हणजे डावीकडे. डावखुऱ्यानं सगळं उलट वाचायचं. फोरहँड, म्हणजे हाताच्याच बाजूनं, फेकणाऱ्यानंही उलटच. क्रिकेटमध्ये बाजूनं फेकीची सवय असलेल्यांना फोरहँड लवकर बसतो, त्यांनी फेड जरा जास्त असलेल्या डिस्ककडे पाहावं, कारण फोरहँडमध्ये सुरुवातीला डिस्क हमखास डगमगते आणि जास्त स्थिर डिस्क ती डगमग पचवते.

टर्न कमी आणि फेड जास्त असेल तर ती ओव्हरस्टेबल, टर्न जास्त आणि फेड कमी असेल तर अंडरस्टेबल. हे दोन शब्द पक्के करा, पुढे सगळीकडे लागतील.

एक सावधगिरी. हे आकडे ज्याची त्याची कंपनी ठरवते. एका कंपनीचा सात आणि दुसरीचा सात सारखाच उडेल याची खात्री नसते. एकाच साच्यातल्या दोन खेपांतही फरक पडतो, एकीचा माथा फुगीर निघतो आणि दुसरीचा सपाट. फुगीर माथ्याची जरा जास्त तरंगते. म्हणून आकड्यांवरून यादी करायची, निवड मात्र मैदानावर.

पहिल्या तीन

पटर. इनोव्हाची एव्हिअर (२/३/०/१) किंवा डायनॅमिक डिस्क्सची जज (२/४/०/१). दोन्ही सरळ जातात, शेवटी किंचित डावीकडे बसतात. काही पटरांच्या खालच्या कडेला बारीक उंचवटा असतो, त्याला बीड म्हणतात. तो बोटाला आवडतो की टोचतो हे हातात धरूनच कळतं, त्यामुळे मागवण्याआधी कुणाचा तरी पटर हातात घेऊन पाहा. अर्ध्याहून अधिक फेकी हाच करणार आहे. पैसे वाचवायचे असतील तर बाकीच्या डिस्कमध्ये वाचवा, इथे हाताला बसेल तोच घ्या.

मिडरेंज. डिस्क्राफ्टची बझ (५/४/-१/१) किंवा इनोव्हाची माको३ (५/५/०/०). मिडरेंजचं काम एकच, जिकडे तोंड करून सोडली तिकडे जाणं. नवख्याच्या हातून पन्नास ते सत्तर मीटर. फेकीत नेमका दोष कुठे आहे ते मिडरेंज उघडपणे दाखवते, म्हणून शिकायलाही हीच चांगली.

फेअरवे ड्रायव्हर, तोही अंडरस्टेबल. इनोव्हाची लेपर्ड (६/५/-२/१) यासाठी वर्षानुवर्षं सुचवली जाते, आणि ते योग्यच आहे. कमी वेगातही तिला थोडा टर्न मिळतो, मग फेड येऊन ती सरळ रेषेवर परतते. ज्या हातून डिस्टन्स ड्रायव्हर डावीकडे कोसळतो त्याच हातून लेपर्ड सरळ आणि निदान तेवढीच लांब जाते. नवख्याला यावर विश्वास बसत नाही, पण पुढे दिलेल्या चाचणीत स्वतः मोजून पाहा.

या तिघींवर निदान तीन महिने काढा. आठवड्यातून दोन सकाळ खेळत असाल तर तेवढ्यात तुमची फेक कुठे स्थिरावते ते कळतं.

चौथी आणि पाचवी

चौथी डिस्क म्हणजे दुसरा पटर, पहिल्यासारखाच, त्याच साच्याचा. यावर लोक नाक मुरडतात, पण याचा फायदा रोज मिळतो. एक पटर फक्त बास्केटजवळच्या फेकीसाठी राखायचा, दुसरा तीस-पन्नास मीटरच्या फेकींना वापरायचा. लांबच्या फेकीत डिस्क दगड-मुरुमावर आपटून खरचटते. खरचटलेल्या कडेचा पटर हातातून वेगळा सुटतो आणि दहा मीटरच्या आतला नेम बिघडतो. नियमांत पटिंगची हद्द १० मीटरची आहे, म्हणजे आपल्या एका गुंठ्याची बाजू, ३३ फूट. त्या हद्दीत डिस्क सोडल्यावर तोल सावरूनच पाऊल पुढे टाकायचं असतं. सरावासाठी एक पटर घेऊन दर वेळी खोडापर्यंत चालत जाण्यापेक्षा दोन घेऊन सराव जवळजवळ दुप्पट होतो, हा आणखी एक फायदा.

पाचवी म्हणजे ओव्हरस्टेबल, आणि ती वाऱ्यासाठी. इथे हात पाहून निवडा. तुमची लेपर्ड सत्तर-पंचाहत्तर मीटरच्या आत पडत असेल तर डिस्क्राफ्टची झोन (४/३/०/३) घ्या. ती पटरच्याच जातकुळीतली, पण वाऱ्याला हटत नाही. नव्वद मीटरच्या आसपास पोचत असाल तर इनोव्हाची फायरबर्ड (९/३/०/४) घ्या. कमी वेगाच्या हातात फायरबर्ड नुसती डावीकडे कोसळते आणि तिचा उपयोग कळायच्या आतच ती माळ्यावर जाते.

आता डिस्टन्स ड्रायव्हर. इनोव्हाची डिस्ट्रॉयर (१२/५/-१/३) प्रसिद्ध आहे आणि तिचं कौतुक सार्थ आहे. पण फेअरवे ड्रायव्हर बॅकहँडनं वारंवार शंभर मीटरच्या पुढे जात नसेल तोवर ती घेऊ नका. एखादी फेक तेवढी गेली म्हणजे झालं असं नाही, दहातल्या सात तरी जायला हव्यात. मधल्या काळात अंतर वाढलं आणि लेपर्ड फार उजवीकडे जायला लागली तर इनोव्हाची टीबर्ड (७/५/०/२) घ्या आणि लेपर्ड घरी ठेवा. पाचच्या पाचच राहतात.

सोलापूरची हवा काय करते

पुस्तकातलं उड्डाण समुद्रसपाटीच्या गार हवेतलं असतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४२ अंशांना टेकतो. उंची आणि उष्णता मिळून तेव्हाची हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ असते. विरळ हवा डिस्कला कमी उचलून धरते आणि टर्नही कमी देते. त्यामुळे छापलेल्या आकड्यांपेक्षा प्रत्येक डिस्क इथे उन्हाळ्यात थोडी जास्त ओव्हरस्टेबल वागते. उणे एक टर्नची डिस्क जवळजवळ सरळ जाते आणि लवकर बसते. पहिली फेअरवे ड्रायव्हर उणे दोनची घ्या असं वर सांगितलं त्यामागे हेही कारण आहे. डिसेंबरच्या गार सकाळी तीच डिस्क दोन-चार पावलं जास्त उजवीकडे गेली तर हात बिघडला असं समजू नका, हवा दाट झालेली असते.

वाऱ्याचा परिणाम याहून मोठा. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा माळावर अडवायला काहीच नसतं. समोरून वारा आला की डिस्कवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, डिस्कला वाटतं आपल्याला जास्त जोरानं फेकलंय, आणि ती उजवीकडे उलटते. लेपर्ड अशा वाऱ्यात कडेवर उभी राहून जमिनीवर चाकासारखी पळते. तिथे पाचवी, ओव्हरस्टेबल डिस्क काढायची, छातीच्या उंचीवर, नाक खाली ठेवून सोडायची. वारा पाठीमागून असेल तर उलट होतं, डिस्क लवकर खाली बसते आणि जास्त फेड घेते. तेव्हा अंडरस्टेबल डिस्क थोडी उंच सोडली की सरळ जाते. पटिंगमध्येही हेच. समोरच्या वाऱ्यात पटर उचलला जाऊन बास्केटवरून जातो, मागच्या वाऱ्यात खाली पडतो. नेम त्या हिशेबानं खाली किंवा वर धरायचा.

आडव्या वाऱ्यात डिस्कची जी बाजू वाऱ्याकडे वर झालेली असते तिच्या खालून वारा शिरतो. म्हणून ती सोडताना वाऱ्याकडची कड किंचित खाली ठेवायची. हे एकदा हाताला बसलं की पाच डिस्कमध्ये पावसाळा निघतो.

कुठली ठेवायची, कुठली काढायची: मैदानावरची चाचणी

पिशवी आधीच फुगली असेल तर हा भाग नीट वाचा. ही चाचणी एक-दोन सकाळींत होते आणि वर्षभराचा घोळ मिटतो.

जागा सव्वाशे मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद हवी, माणसं आणि जनावरं नसलेली. पावणेदोनशे ग्रॅमची डिस्क वेगात कपाळावर लागली तर टाके पडतात, त्यामुळे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असलेल्या मैदानावर हे करू नये. नान्नजकडचा गवताळ माळ मोकळा दिसतो, पण ते माळढोकचं अभयारण्य आहे, तिथे डिस्क न्यायचीच नाही. उजाडल्यावरचा पहिला तास घ्या, तेव्हा वारा सगळ्यांत कमी असतो.

फेकीच्या जागेवर एक वीट ठेवा. समोर दूरचं एखादं झाड किंवा विजेचा खांब निवडा आणि दर वीस-पंचवीस पावलांवर त्या रेषेत एकेक वीट किंवा चपला ठेवत जा. ही तुमची मधली रेषा. आपलं एक पाऊल किती ते आधी मोजून घ्या. क्रिकेटची खेळपट्टी स्टंपांपासून स्टंपांपर्यंत २०.१२ मीटर असते. ती नेहमीच्या चालीनं २७ पावलांत संपली तर तुमचं पाऊल पाऊण मीटरचं.

आठ-दहा हलक्या फेकी करून खांदा मोकळा करा. मग प्रत्येक डिस्कच्या दहा फेकी घ्यायच्या, पण एका डिस्कच्या सलग दहा घ्यायच्या नाहीत. सगळ्या डिस्क एकेकदा फेकायच्या, जाऊन मोजायच्या, गोळा करून परत यायचं, असे दहा फेरे. सलग फेकल्या तर पहिल्या डिस्कला ताजा हात मिळतो आणि शेवटचीला दमलेला, मग तुलनाच खोटी ठरते. पिशवीत पाचाहून जास्त डिस्क असतील तर दोन सकाळी करा. पूर्ण जोर लावू नका, खेळताना जेवढा लावता तेवढाच, सत्तर-ऐंशी टक्के.

वहीत प्रत्येक फेकीचे दोनच आकडे लिहा: विटेपासून किती पावलं आणि मधल्या रेषेपासून किती पावलं डावी-उजवी. डिस्क घसरत पुढे गेली असेल तर जिथे पहिल्यांदा टेकली ती जागा धरा, कारण काळ्या भेगाळलेल्या रानात आणि मुरमाड माळावर घसरण अगदी वेगळी असते. शेवटी प्रत्येक डिस्कच्या सर्वांत लांब दोन आणि सर्वांत जवळच्या दोन फेकी खोडायच्या आणि उरलेल्या सहांची सरासरी काढायची.

समजा वहीत असं आलं: पटर ५८ पावलं, ४ डावीकडे. मिडरेंज ७८, ६ डावीकडे. फेअरवे ड्रायव्हर ९६, ३ डावीकडे. डिस्टन्स ड्रायव्हर ९४, १८ डावीकडे. शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. महागाची, रुंद कडेची डिस्क दोन पावलं अलीकडे आणि पंधरा पावलं जास्त बाजूला पडते आहे. ती पिशवीतून जाते. नव्या खेळाडूंच्या वह्यांत हाच आकार पुन्हा पुन्हा दिसतो.

दोन डिस्कच्या अंतरात आठ पावलांहून कमी फरक असेल आणि दोन्ही एकाच बाजूला वळत असतील तर त्या एकच काम करताहेत. त्यातली एक काढायची (मुद्दाम घेतलेला दुसरा पटर सोडून). कुठली? जिच्या सहा फेकी जास्त विखुरल्या आहेत ती. लांबीवर जाऊ नका. चार पावलं जास्त जाणारी पण कधी डावी कधी उजवी पडणारी डिस्क बाभळीत जाऊन बसते, आणि तिथून बाहेर यायला एक फेक वाया जाते.

अंतर सारखं पण वळण वेगळं असेल, एक उजवीकडून आत येते आणि दुसरी सरळ डावीकडे जाते, तर दोन्ही ठेवा. झाडाला वळसा घालायला दोन्ही लागतात. पिशवीत दोन शेजारच्या डिस्कमध्ये पंधरा ते वीस पावलांचं अंतर आलं की संच जमला. मधे चाळीस पावलांची पोकळी राहिली तरच नवी डिस्क शोधायची.

चाचणीत डिस्क हवेत फडफडत, थरथरत जात असेल तर त्या दिवशीचे आकडे बाजूला ठेवा. डगमगलेली डिस्क आहे त्यापेक्षा जास्त अंडरस्टेबल वागते आणि चांगली डिस्क उगाच बाद होते.

प्लास्टिक, वजन, रंग

एकच साचा वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये मिळतो. इनोव्हाचं डीएक्स हे साधं आणि स्वस्त, हाताला चिकट, पण लवकर झिजतं. चॅम्पियन आणि स्टार टिकाऊ आणि महाग, त्यातलं चॅम्पियन ओल्या हातात निसटतं. झिजणं हा सगळा तोटाच नाही. साध्या प्लास्टिकची डिस्क काही महिन्यांत मुरते, लोणच्यासारखी: तिचा फेड कमी होतो, ती सरळ आणि मग थोडी उजवीकडे जायला लागते. दोन्ही पटर साध्या प्लास्टिकचे घ्या, पकड मिळते. फेअरवे ड्रायव्हर आणि ओव्हरस्टेबल डिस्क टिकाऊ प्लास्टिकची घ्या, कारण मुरमावर त्याच जास्त आपटतात आणि ओव्हरस्टेबल डिस्क मुरली तर तिचं कामच संपतं.

नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालतं, म्हणजे २१.१ सेंटिमीटरच्या डिस्कला सुमारे १७५ ग्रॅम. मोठ्या माणसानं पटर आणि मिडरेंज १७० ते १७५ चे, ड्रायव्हर १६५ ते १७० चा घ्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना १५० च्या आसपासचं पुरे. हलकी डिस्क कमी जोरात लांब जाते, पण वाऱ्यात तिचा भरवसा नसतो. वजन बहुधा डिस्कच्या खाली पेननं लिहिलेलं असतं, ऑनलाइन मागवताना ते विचारून घ्या. पाचही डिस्क शक्यतो एकदम मागवा, सुट्या मागवल्या की पोचवण्याचा खर्चच अंगावर येतो.

रंगाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि अर्धा तास गवतात शोधत बसतात. दिवाळीनंतर आपला माळ पिवळा पडतो, तिथे पिवळी, नारिंगी, पांढरी डिस्क दिसतच नाही. श्रावणात हिरवी जाते. काळ्या रानात गडद निळी आणि जांभळी हरवते. भडक गुलाबी वर्षभर दिसते. पाचही गुलाबी घेतल्या तरी चालतील, आकारावरून त्या ओळखू येतात. तलावाकाठी मात्र रंग कामाचा नाही, टिकाऊ प्लास्टिकच्या बहुतेक डिस्क बुडतात. पाण्यावरून फेक टाळा.

जपणूक

साध्या प्लास्टिकला ऊन सोसत नाही. मेमध्ये स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत दुपारभर राहिलेली डिस्क वाकते, विशेषतः एकावर एक तिरक्या ठेवल्या असतील तर. वाकली की नाही हे बघायला ती शहाबादी फरशीवर ठेवा आणि डोळा फरशीच्या पातळीवर आणा. कडेखालून कुठे उजेड दिसतो का? बोटानं दाबल्यावर टकटक हलते का? हलत असेल तर ती हाताला सोसेल एवढ्या कढत पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवा, उकळत्या पाण्यात नको. मऊ झाली की हातानं उलट्या बाजूला हलकेच वाकवा, फरशीवर सरळ ठेवा, वर एक जाड पुस्तक ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या.

मुरमावर आपटलेल्या डिस्कच्या कडेवर अंगठा फिरवून पाहा. जिथे दगड लागला तिथे प्लास्टिकचा बारीक ओठ उभा राहिलेला असतो, नखाला अडतो. तो राहिला तर सोडताना बोट कापतं आणि डिस्क वेडीवाकडी सुटते. मोठा ओठ नखानं परत दाबून बसवा, उरलेलं ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी लावून, कडेच्या दिशेनं चार-पाच वेळा घासा. असं खरचटलेलं गुळगुळीत करायला नियमांत मुभा आहे, कडेचा आकार बदलायला नाही. ज्वारी काढलेल्या रानात धसकटं असतात, ती डिस्कला भोकं पाडतात, पायालाही लागतात. तिथे खेळूच नये. बाभळीखालून काढलेली डिस्क आधी आतून बोटानं चाचपा, तुटलेला काटा कडेत रुतून बसतो आणि पुढच्या फेकीत तळहातात जातो. फांदीवर अडकलेली डिस्क काढायला दुसरी डिस्क फेकू नका, दोन्ही अडकतात. आकडी लावलेली लांब वेळूची काठी ठेवा.

पावसाळ्यात काळी माती कडेच्या आत भरते. ती एका बाजूला जास्त भरली की डिस्क डगमगते. दोन टॉवेल ठेवा, एक ओला चिखल काढायला, एक कोरडा पुसायला. आपले सोलापुरी टेरी टॉवेल यासाठी उत्तम, पाणी चटकन शोषतात आणि लहान हातरुमालाच्या आकारात मिळतात. घामेजल्या हातासाठी पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत मूठभर मुलतानी माती बांधा आणि फेकीआधी ती हातात दाबा.

प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला, मधोमध, पक्क्या शाईच्या मार्करनं नाव आणि मोबाईल नंबर लिहा. सहा महिन्यांनी शाई पुसट होते, तेव्हा त्यावरूनच पुन्हा गिरवा.